क्वार्टरबॅक काकू

त्यांची-माझी पहिली भेट बंद दाराआडून झाली. मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला नवा आलो होतो. एका मराठी कुटुंबाचं बेसमेंट रिकामं आहे असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं, म्हणून रविवारी दुपारी पत्ता शोधत गेलो आणि बेल वाजवली. बाहेर ऑक्टोबरचा वारा नाक-कान कापत होता. आतून खणखणीत आवाज आला, "थांबा! थर्ड डाउन आहे!"

मला वाटलं, घरात काहीतरी पडलंय. मी अदबीने विचारलं, "मदत हवी आहे का?"

"मदत त्या लाइनला हवी आहे! दोन मिनिटं थांबा म्हटलं ना!"

आणि मग घरातून अशी आरोळी उठली की मी पायरीवरून खाली उतरलो. दार उघडलं तेव्हा समोर एक ठेंगणीठुसकी बाई उभी होती. वय पंचावन्नच्या पुढे, कपाळावर ठसठशीत कुंकू, सलवार-कमीजवर इथल्या टीमचा गुडघ्यापर्यंत आलेला हिरवा स्वेटशर्ट.

"जाहिरात लागलीये. पटकन बोला."

"बेसमेंटसाठी आलो होतो..."

"धावता येतं?"

"अं?"

"धावता येतं का, धावता? कॉलेजात काही खेळायचास?"

"चारशे मीटर धावायचो."

"गुडघे शाबूत आहेत?"

"आहेत."

"ये आत. चपला डावीकडे."

भाडं, किल्ली, कचरा कधी बाहेर ठेवायचा, हे सगळं मला नंतर काकांनी सांगितलं. काकू परत सोफ्याच्या टोकावर जाऊन बसल्या होत्या आणि टीव्हीतल्या एका धिप्पाड माणसाला "अरे डावीकडे बघ, डावीकडे, बापा!" असं कळवळून सांगत होत्या. मी त्या घरात तीन वर्षं राहिलो. आमच्या सगळ्या ग्रुपमध्ये त्या नुसत्या 'काकू' होत्या. न्यू जर्सीत काकू पायलीला पन्नास मिळतील, पण 'काकूंकडे मॅच' म्हटलं की कोणत्या, असं कुणी विचारत नसे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना काकू स्वतःच समजावून सांगत. अमेरिकेतला फुटबॉल पायाने खेळत नाहीत, हे पहिलं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू. तो घेऊन पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही सरकलात, तर चेंडू समोरच्यांना. यातला एकेक प्रयत्न म्हणजे एकेक डाउन. आणि चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, सगळ्यात जास्त गुण त्याचे. "आणि क्वार्टरबॅक म्हणजे," त्या म्हणत, "लग्नघरातली ती एक आत्या असते ना, सगळ्या किल्ल्या कमरेला असलेली? चारी बाजूंनी माणसं तिच्या अंगावर धावून येतात. कुणाला साखर पाहिजे, कुणाला सतरंजी, कुणाला भांडायचंय. आणि तिला उभ्या उभ्या ठरवायचं असतं, की काय कुणाच्या हातात द्यायचं. चुकलं तर लग्न बोंबललं. तो क्वार्टरबॅक."

हे ऐकून एका नव्या मुलाने विचारलं होतं, "आणि नवरदेव?"

"नवरदेव कोण विचारतो? त्याला फक्त किक मारायला आणतात."

त्या एका विमा कंपनीत ॲक्च्युअरी होत्या. माणसं साधारण किती जगतात, कधी आजारी पडतात, याचे अंदाज बांधण्याचं काम. ते काम त्या घरी घेऊन येत. कुणी नवीन फ्रिज घेतला की त्याभोवती एक चक्कर मारून "सात वर्षं" म्हणत. नव्या जावयांकडे बघून मात्र त्या काही म्हणत नसत, नुसत्या "हं" करत, आणि त्या 'हं'ची मुलींच्या आयांनी फार धास्ती घेतली होती. त्यांची स्वतःची गाडी पंधरा वर्षांची, एक दार आतूनच उघडणारी. त्यावरून कुणी टोकलं तर म्हणत, "वापरते, पण तिला मी पगारवाढ देत नाही."

घरात मॅचचे नियम कडक होते. खेळ चालू असताना बोलायचं नाही. चकली फक्त जाहिरातीत खायची, कारण तिच्या आवाजात समालोचन बुडतं. एकदा सत्यनारायणाला गुरुजींनी रविवारची वेळ दिली, तेव्हा काकूंनी फोनवर शांतपणे विचारलं होतं, "कथा हाफटाइममध्ये बसेल का हो?" गुरुजींनीही शांतपणे विचारलं, "कुणाची गेम आहे?" आणि पूजा शनिवारी झाली.

काका याच्या अगदी उलटे. औषधांच्या कंपनीत केमिस्ट, सावकाश बोलणारे. बायको सोफ्यावर उड्या मारत असताना ते शेजारच्याच खुर्चीत दिवाळी अंक वाचत. फटाक्यांच्या माळेशेजारी समई ठेवावी तसं ते जोडपं दिसे.

हे वेड लागलं कुठून, ते मला काकांनीच सांगितलं. काकू मूळच्या अमरावतीच्या, शाळेत खो-खोच्या कॅप्टन. सत्तरच्या दशकात लग्न होऊन थेट अमेरिकेत, ॲन आर्बर या युनिव्हर्सिटीच्या गावी आल्या. काका दिवसभर लॅबमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि इंग्रजी बोलायची भीती. शेजारी एक अमेरिकन आजी राहायची. तिला डोळ्यांनी कमी दिसे, म्हणून ती शनिवारी युनिव्हर्सिटीची मॅच रेडिओवर ऐके. ती काकूंना बोलावून घ्यायची. काकूंचं इंग्रजी त्या रेडिओवर वाढलं. त्यामुळे पुढे जन्मभर त्यांच्या इंग्रजीत साधं वाक्य कमी आणि आरोळी जास्त असे. ऑफिसातही त्या साहेबाला "आता चौथा डाउन आहे, पंट करू या" असं सांगत, म्हणजे तूर्त नाद सोडू, चेंडू लांब लाथाडू आणि पुढच्या संधीची वाट बघू. आमच्यातल्या एकाला मुलीकडून तिसऱ्यांदा नकार आला, तेव्हाही त्याला हाच सल्ला मिळाला होता.

तर त्या ॲन आर्बरच्या अंगणात एकदा विद्यार्थी खेळत होते. चेंडू गडगडत काकूंच्या पायाशी आला. त्यांनी पदर खोचला आणि तो परत फेकला. "परत नाही गेला तो," काका म्हणाले. "त्यांच्या डोक्यावरून, पार्किंगच्या पलीकडे गेला. पोरं चेंडू आणायला गेलीच नाहीत, हिच्याकडेच बघत राहिली. चिंचा पाडून पाडून हात तयार होता म्हणे."

हे मला कुणी नुसतं सांगितलं असतं, तर मी हसलो असतो. पण तो हात मी रोज बघत होतो. कारण काकू आमच्या क्वार्टरबॅक होत्या.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी अमेरिकाभर गल्लीबोळांत लोक फुटबॉल खेळतात. तशी आमचीही एक मॅच असे, पार्सिपनीचे मराठी विरुद्ध एडिसनचे मराठी. धक्काबुक्की नाही. चेंडूवाल्याला दोन्ही हातांनी शिवलं की तो जागीच थांबला, एवढाच नियम. दोन्हीकडे माझ्यासारखे पंचविशी-तिशीतले सॉफ्टवेअरवाले, आणि आमच्या बाजूला मधोमध काकू. केसांचा घट्ट अंबाडा, कानटोपी, पांढरे बूट. एडिसनची नवीन मुलं पहिल्यांदा बघून हसायची, "अरे, आंटीला सांभाळून." मग काकू दोन पावलं मागे सरकायच्या, उजवा हात कानामागे न्यायच्या, आणि चेंडू असा भोवऱ्यासारखा फिरत जायचा की तो छातीवर आदळल्यावरच कळायचं आपण झेललाय. दुसऱ्या फेकीनंतर आंटी म्हणायची कुणाची छाती व्हायची नाही.

गेली काही वर्षं आमची हार-जीत निम्मी-निम्मी चालली होती. राखीव क्वार्टरबॅक म्हणून नितीन होता, नागपूरचा, उंच, हात चांगला, पण घाबरट. तो तीन वर्षं दर थँक्सगिव्हिंगला काकूंचं जॅकेट धरून कडेला उभा राहायचा.

मग एका वर्षी उन्हाळ्यात एक बातमी आली. इथल्या टीमने दुसऱ्या गावात नाव कमावलेला एक जुना, जगप्रसिद्ध क्वार्टरबॅक आणला. नाव मोठं, वय मोठं आणि पगार त्याहून मोठा. पेपरात पानभर फोटो. ऑफिसात, किराण्याच्या दुकानात, मंदिराच्या पार्किंगमध्ये एकच विषय. आमचा शैलेश, मुंबईचा, तर त्याच संध्याकाळी त्याच्या नावाची जर्सी घालून काकूंकडे आला.

"काकू! आलं आपलं वर्ष!"

काकू कणीक मळत होत्या. "आलं ना. म्हातारपण आलं."

"असं काय? अहो, लेजंड आहे तो!"

"मग पुतळा बांधा त्याचा. खेळायला काऊन उभा करून राहिले?"

रागावल्या की त्यांच्या बोलण्यात अमरावती उतरायची. मग जे सुरू झालं ते पुढचे तीन महिने दर रविवारी चाललं. शैलेश एका बाजूला, काकू एका बाजूला, आणि आम्ही मध्ये बसून जाहिरातींची वाट बघायचो.

शैलेश म्हणायचा, "अनुभव विकत मिळतो का कुठे? तो नुसता मैदानात आला की समोरच्यांचे पाय लटपटतात. स्टेडियम भरतंय. एक सीझन तरी स्वप्न बघू द्या ना यार लोकांना!"

काकू म्हणायच्या, "स्वप्न फुकट बघ की! टीमला पगारासाठी एकच पातेलं दिलेलं असतं. एकाच्या ताटात एवढं वाढलं की बाकी पंगतीला आमटीचं पाणी. मग पुढे उभे राहून याला वाचवणार कोण? ते उपाशी!"

"पण तो जिंकून देईल!"

"सप्टेंबरात देईल. डिसेंबरात खांदा बोलायला लागेल. माझं कामच आहे ते, शैलेश. मशीन कुठे थकते, ते बघायचे मला पैसे मिळतात."

काका अंकातून मान वर न करता म्हणाले, "अगं, लोक माणूस बघायला जातात. खांदा नाही."

"तुम्ही वाचा हो."

एका रविवारी मात्र त्या शांतपणे बोलल्या, आणि ते बोलणं माझ्या मनात राहिलं. "पगाराचं सोडा रे. मालक श्रीमंत आहे, देईल. खरी किंमत तिकडे बघ." टीव्हीवर कडेच्या बाकावर टीमचा आधीचा तरुण क्वार्टरबॅक टोपी घालून बसला होता. "त्या पोराचं वर्ष चाललंय. त्याला कळतंय की चुकायलासुद्धा मैदान लागतं, आणि ते त्याला कुणी देणार नाही. खो-खोत बरं असतं. पळून दमलं की बसलेल्याच्या पाठीवर थाप मारायची, खो द्यायचा आणि त्याच्या जागेवर आपण बसायचं. त्यात कुणाचा अपमान होत नाही. खेळच तसा आहे."

तेवढ्यात जाहिराती लागल्या. आणि शैलेश, गमतीत, अगदी गमतीतच, म्हणाला, "मग काकू, आपलं काय? आपला क्वार्टरबॅक पण पंचावन्नच्या पुढचा आहे. आणि नितीन तीन वर्षं जॅकेट धरून उभा आहे."

काकांनी पान उलटायला उचललेलं बोट तसंच राहिलं. नितीन म्हणाला, "ए, चूप बस ना बे." शैलेशला बोलल्यावर कळलं आपण काय बोललो ते. काकूंनी आपल्या उजव्या तळहाताकडे बघितलं, जसं कुणी घड्याळ बघावं.

"गेम सुरू झाली," त्या म्हणाल्या. "बघा."

पुढच्या शनिवारी पार्कमध्ये आमची पहिली प्रॅक्टिस होती. आम्ही नेहमीसारखे रांगेत उभे राहिलो. काकू चेंडू घेऊन आल्या, नितीनच्या मागे गेल्या आणि त्याच्या पाठीवर अशी सणसणीत थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला. "खो!"

सगळं पार्क दणाणलं. पलीकडे कुत्रा फिरवणारी अमेरिकन बाई थांबून बघायला लागली.

नितीनच्या हातात चेंडू कोंबून त्या कडेला गेल्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या कूलरच्या पेटीवर बसल्या. "आजपासून तू. चल, आवाज दे पोरांना."

"काकू, मजाक नका करून राहू ना," नितीन काकुळतीला आला.

शैलेश धावत त्यांच्याकडे गेला. "काकू, सॉरी, खरंच सॉरी. मी मस्करी केली होती."

"मी नाही केली. जा, उजवीकडून पळ."

आम्ही सगळ्यांनी मनधरणी करून बघितली. एडिसनवाल्यांना कळलं तर ते नाचतील, या वर्षी जिंकू या, पुढच्या वर्षी बघू, सगळं. काही उपयोग झाला नाही. मला वाटलं, त्यांचा खांदा दुखत असणार आणि त्या सांगत नसणार. त्या रात्री जेवणाआधी वर गेलो तेव्हा त्या ओट्याशी होत्या. मी मोठ्या समजुतीने विचारलं, "काकू, खांद्याचं काही आहे का? डॉक्टरकडे नेऊ का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. टाचा उंचावल्या, सगळ्यात वरच्या फळीवरून तांदळाचा भरलेला डबा एका हाताने काढला आणि माझ्यासमोर दाणकन ठेवला.

"खांदा उत्तम आहे. अजून दोन-तीन वर्षं सहज."

"मग?"

"मग नितीन तिशी ओलांडेल." त्या तांदूळ मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या. "आणि खरं विचारशील तर सकाळपासून रडायला येऊन राहिलंय मला. कुणाला सांगू नकोस. जा, काकांना बोलव जेवायला."

गंमत म्हणजे तिकडे तो म्हातारा जिंकत होता! रविवारमागून रविवार. काय फेकी टाकत होता, काय हसत होता, टचडाउन झाला की लहान पोरासारखा पळत सुटायचा. सगळं राज्य येडं झालं होतं. शैलेश सोफ्यावर चढून नाचायचा, आणि मग काकूंकडे बघून हळूच उतरायचा. "बघा काकू, होताहेत ना पैसे वसूल!" ऑफिसातला त्यांचा साहेबसुद्धा रोज त्यांच्या टेबलापाशी थांबून चिडवायचा. आपण काढलेला अंदाज डोळ्यांदेखत खोटा पडतोय, आणि त्याच अंदाजापायी आपण आपली जागा सोडलीय. एखादीने माघार घेतली असती. काकू फक्त म्हणायच्या, "छान खेळतोय. मी नाही कुठे म्हणाले?" आणि शनिवारी कूलरवर जाऊन बसायच्या.

थँक्सगिव्हिंगची सकाळ उजाडली ती कडाक्याची. गवतावर दहिवर गोठलं होतं, पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. एडिसनवाले दोन व्हॅन भरून आले. त्यांचा कॅप्टन भोसले, पुणेरी, गोड बोलून चिमटा काढणारा. काकूंना कूलरवर बघून तो म्हणाला, "काय काकू, या वर्षी व्हीआयपी सीट?"

"तुझी पाठ इथून चांगली दिसते. हरून जाताना."

पंच नेहमीप्रमाणे काका. त्यांना नियम धड येत नसत, पण ते कुणाचेच नाहीत यावर दोन्ही टीमचं एकमत होतं. बारा वाजता खेळ बंद, कारण सगळ्यांच्या घरी पाहुणे.

सुरुवात भयंकर झाली. नितीनची पहिली फेक थेट भोसलेच्या हातात. दुसऱ्या वेळी चेंडू हातातूनच निसटला. तिसऱ्या वेळी तो इतका वेळ विचार करत उभा राहिला की तिघांनी येऊन त्याला सावकाश शिवलं. अर्ध्या तासात आम्ही पार मागे पडलो. आमच्याच माणसांच्या बायका कडेवरून ओरडायला लागल्या, "काकू, उठा आता!" मग पोरं ओरडायला लागली. शेवटी नितीनच आला, चेंडू दोन्ही हातांत पुढे धरून. "घ्या काकू. माझ्याच्याने नाही होऊन राहिलं."

मी जवळच उभा होतो. काकूंनी पायात खेळायचे पांढरे बूट घातले होते, नाड्या घट्ट बांधलेल्या. त्यांची बोटं हातमोज्यात चाळवत होती. आणि काका, ज्यांनी तीस वर्षांत बायकोला खेळाबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं, ते शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "अगं, जा की. किती इच्छा आहे तुला."

काकू उठल्या. सगळ्यांनी जल्लोष केला. त्या नितीनच्या समोर गेल्या. चेंडू मात्र घेतला नाही, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारलं, "मागे जातोस तेव्हा काय बघतोस?"

"मोकळा कोण आहे ते."

"दिसतो कुणी?"

"कुणीच नसतं मोकळं."

"बरोबर! नसतंच! अरे, मोकळा कुणी कधीच नसतो. तो होणार असतो. शैलेश तिथे पोचायच्या आधी तू तिथे टाक. पोचला तर त्याचं नशीब, नाही पोचला तर त्याला शिव्या दे. जा!"

आणि परत येऊन कूलरवर बसल्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

त्यानंतर काय झालं ते सांगताना आजही माझा आवाज चढतो. पुढच्याच वेळी नितीन मागे सरकला आणि त्याने चेंडू रिकाम्या जागेत फेकला. मी शपथेवर सांगतो, तिथे कुणी नव्हतं. भोसले हसला. आणि त्याचं हसू पुरं व्हायच्या आत शैलेश कुठून तरी आला आणि चेंडू त्याच्या कवेत पडला. टचडाउन! मग एक मला. मी चारशे मीटरवाला, पण इतका कधी धावलो नव्हतो. खांद्यावरून चेंडू आला आणि हातात बसला, जणू तो आधीपासून तिथेच राहायला होता. मग पुन्हा शैलेशला. काकू कूलरवर बसूनच नाचत होत्या, आतला बर्फ खळखळत होता. कडेचे सगळे लोक आता "नितीन! नितीन!" ओरडत होते, आणि त्यांत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, हे सांगायला नको.

बारा वाजत आले. एडिसन फक्त एका गुणाने पुढे. आमचा शेवटचा डाव, रेषा बरीच लांब. नितीन मागे गेला, डावीकडे बघितलं, भोसलेची सगळी माणसं डावीकडे धावली, आणि त्याने उजवीकडे, पार कोपऱ्यात, उंच, लांब फेक टाकली. चेंडू इतका वेळ हवेत होता की आम्ही सगळे थांबून बघत राहिलो. शैलेशने उडी मारली, झेलला, आणि रेषेवर सपशेल आडवा झाला. भोसले त्याच्यावर.

"टचडाउन!" आम्ही.

"शिवलं! आधी शिवलं!" ते.

दोन्ही टीम काकांभोवती जमल्या. काकांनी चष्मा पुसला. एकदा बायकोकडे बघितलं. मग म्हणाले, "शिवलं होतं. दोन्ही हातांनी. रेषेच्या अलीकडे."

आम्ही हरलो. मला वाटलं, आता या माणसाचं घरी काही खरं नाही. पण काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या मैदानातून धावत सुटल्या होत्या, कानटोपी पडली, अंबाडा सुटला, आणि त्यांनी त्या सहा फुटी नितीनला कमरेला धरून जमिनीवरून उचललं, खरोखर उचललं. "फेक बघितली? अरे, फेक बघितली का कुणी? डावीकडे बघून उजवीकडे! मला नाही जमलं रे कधी हे! मला नाही जमलं!" हसत होत्या आणि रडतही होत्या. एडिसनवाले जिंकून बावळटासारखे उभे होते. भोसले मला म्हणाला, "नक्की कोण जिंकलं यार?"

डिसेंबर आला आणि तिकडे टीव्हीवरचा म्हातारा ढेपाळला. थंडीत त्याच्या फेकी आखूड पडू लागल्या. हरले, पुन्हा हरले. शेवटच्या सामन्याला काकूंकडे घर भरलं होतं. तो हरला असता तर सीझन संपणार होता. अखेरच्या मिनिटांत त्याने टाकलेला चेंडू सरळ समोरच्या गड्याने झेलला. संपलं.

आमच्या खोलीत नुसता शिमगा झाला. ज्यांनी त्याच्या नावाने नाच केले होते तेच आता त्याला शिव्या घालत होते. शैलेशने अंगातली जर्सी काढून सोफ्यावर आपटली. "फुकट पैसे घेतले साल्याने! काकू, तुम्ही बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता!"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघू लागलो. इतके महिने ऐकून घेतलेली ती बाई आता काय बोलते, याची आम्हाला उत्सुकता होती. टीव्हीवर तो हेल्मेट हातात घेऊन एकटा बाहेर निघाला होता. उजवा हात अंगाशी धरलेला. स्टेडियममधूनही आरडाओरडा ऐकू येत होता.

काकू उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

"काकू, हे काय? तुम्हीच तर म्हणायचात..."

"पैसे देऊ नका म्हणत होते," त्या टाळ्या न थांबवता म्हणाल्या. "टाळ्या देऊ नका असं कधी म्हणाले? उठा सगळे. उठ, शैलेश. माणूस मैदानातून बाहेर चाललाय."

काकांनी अंक मिटून खाली ठेवला आणि ते आधी उठले. मग नितीन. मग आम्ही सगळे. शैलेशने जर्सी उचलली, झटकली, काखेत धरली आणि तोही वाजवू लागला. तेवढ्यात पडद्यावरून तो माणूस गेला आणि एका पिकअप ट्रकची जाहिरात लागली. चिखलातून ट्रक चालला होता, आणि पार्सिपनीच्या त्या दिवाणखान्यात आम्ही डझनभर माणसं त्याच्यासमोर उभी राहून जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवत होतो. काकूंनी थांबा म्हणेपर्यंत कुणी थांबलं नाही.